शेवट आधीच फुटलेली थरारकथा : फ्रेडरिक फोर्सिथचं १९७० सालचं बाड

जानेवारी १९७०, लंडन. एकतीस वर्षांचा एक पत्रकार. नोकरी नाही, स्वतःची जागा नाही, खिसा रिकामा आणि वर देणी. ज्या युद्धापायी त्याने बीबीसी सोडली ते युद्ध हातचं गेलेलं. मित्राच्या घरी सोफ्यावर झोपायचं आणि सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना, नायजेरियातून फुटलेल्या बियाफ्राच्या युद्धात गोळी चाटून गेलेला टाइपरायटर मांडायचा, असा त्याचा दिनक्रम. पस्तीस दिवसांत त्याने एक कादंबरी संपवली. विषय होता १९६३ साली फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांची सुपारी.

अडचण एकच होती. द गॉल जिवंत होते. आदल्याच वर्षी सत्ता सोडून ते आपल्या गावी आठवणी लिहीत बसले होते. त्यांना १९६३ साली कुणी मारलेलं नाही हे जगाला ठाऊक होतं. मग पानंच्या पानं भरत आलेल्या मारेकऱ्याची उत्कंठा कुणाला आणि कशाला वाटावी? तीन प्रकाशकांनी बाड साभार परत केलं. चौथ्याकडून लेखकाने स्वतःच ते परत मागवलं.

वर्ष-दीड वर्षात तेच बाड ‘द डे ऑफ द जॅकल’ म्हणून छापून आलं आणि फ्रेडरिक फोर्सिथ हे नाव जगभर झालं. प्रकाशकांचा अंदाज नेमका कुठे हुकला, आणि लेखकाला जे कळलं ते त्याच्याकडे आलं कुठून, हे या प्रकरणात पाहण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : हे कथालेखनाचं कसब कमी आणि बातमीदाराची सवय जास्त. पुढच्या पन्नास वर्षांत त्याला जे साधलं आणि जे साधलं नाही, ते दोन्ही याच सवयीमुळे.

आधीचा माणूस

जन्म २५ ऑगस्ट १९३८, केंट परगण्यातलं अॅशफर्ड. आई-वडिलांचं दुकान, एकुलता एक मुलगा. टनब्रिजची शाळा त्याला फारशी मानवली नाही. फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश मात्र तो लहान वयातच चांगलं बोलायला शिकला, आणि पुढचं सगळं आयुष्य या भाषांनी ओढून नेलं. लढाऊ विमान उडवायचं हे लहानपणापासूनचं वेड. हवाई दलात भरती होऊन एकोणिसाव्या वर्षी तो व्हॅम्पायर जेट उडवत होता. ती हौस भागल्यावर नॉरफकमधल्या एका प्रादेशिक दैनिकात उमेदवारी, आणि १९६१ मध्ये रॉयटर्स.

१९६२ मध्ये त्याला पॅरिसला पाठवलं. अल्जीरियाला स्वातंत्र्य दिलं म्हणून फ्रेंच लष्करातले कडवे लोक द गॉल यांच्यावर खवळले होते. त्यांची ओएएस ही गुप्त संघटना अध्यक्षांच्या जिवावर उठली होती. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पती-क्लामार इथे द गॉल यांच्या सिट्रोएन गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले, काचा फुटल्या, गाडीत पत्नी आणि जावई. चालकाने गाडी तशीच दामटली आणि सगळे वाचले. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी हा हवाई दलातला लेफ्टनंट कर्नल. मार्च १९६३ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

या काळात परदेशी वार्ताहरांचं काम काय? अध्यक्ष बाहेर पडले की मागे मागे जायचं. न जाणो, आजच काही घडलं तर! म्हणजे तासन् तास ताटकळणं. फोर्सिथ तेवढ्या वेळात अंगरक्षकांशी गप्पा मारायचा, कोण कुठे उभा राहतो ते बघायचा. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली : ओएएसला हे जमणार नाही. त्यांच्या प्रत्येक माणसाची फाइल पोलिसांकडे आहे, फोटो आहे, आणि संघटनेत खबरे घुसलेले आहेत. जमलंच तर ज्याची फ्रान्समध्ये एका ओळीचीही नोंद नाही अशा बाहेरच्या माणसालाच जमेल. ही कल्पना त्याने तशीच सात-आठ वर्षं बाळगली.

पॅरिसनंतर पूर्व बर्लिन. तिथला एक किस्सा तो स्वतः सांगायचा. एप्रिल १९६४ मधल्या एका रात्री घरी परतताना त्याला सोव्हिएत सैन्याचे तांडे रस्त्याने सरकताना दिसले : रणगाडे, तोफा, पूल बांधायचं सामान, तोंडं पश्चिमेकडे. त्याने तडक कचेरी गाठून बातमी धाडली. लंडन-वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या झोपा उडाल्या. सकाळी कळलं की ती एक मेच्या संचलनाची रंगीत तालीम होती. पाहिलेलं सगळं खरं, काढलेला अर्थ तेवढा चुकीचा! तपशील अचूक असले की त्यांवर रचलेलं काहीही लोक खरं मानतात, हे त्याने त्या रात्री चुकून सिद्ध केलं होतं. पुढे तेच मुद्दाम केलं.

बियाफ्रा

हा भाग फोर्सिथच्या चरित्रात बहुतेक लोक दोन ओळींत उरकतात. माझ्या मते तोच कळीचा आहे.

१९६५ मध्ये तो बीबीसीत आला. ३० मे १९६७ ला नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा म्हणून फुटून निघाला आणि जुलैत युद्ध पेटलं. बीबीसीने त्याला पाठवलं ते ब्रिटिश सरकारी गोटाचा अंदाज कानात भरून : बंड काही दिवसांत आटपेल, केंद्र सरकार सहज जिंकेल. तिथे पोहोचल्यावर त्याला दिसलं ते वेगळंच. बियाफ्राची फौज चिवट होती, लोक तिच्या पाठीशी होते, युद्ध लांबणार होतं. त्याने तसं कळवलं. वरिष्ठांना ते पचलं नाही. त्याला परत बोलावलं, आणि पुन्हा जाऊ का विचारल्यावर नकार मिळाला. १९६८ च्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली आणि स्वतःच्या हिमतीवर परत गेला.

तिथे त्याने पोटं फुगलेली, केस तांबूस झालेली, हाडांवर नुसती कातडी उरलेली मुलं पाहिली. नाकेबंदीने अन्न अडवलं होतं आणि ब्रिटन नायजेरियाला शस्त्रं पुरवत होतं. त्या युद्धात किती माणसं मेली याचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, आणि त्यांतले बहुतेक उपासमारीने. फोर्सिथने १९६९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते एकतर्फी आहे हा आरोप तेव्हाही झाला आणि तो खोटा नाही. बियाफ्राचा नेता ओजुक्वू त्याचा जवळचा मित्र झाला होता. पण आपल्याच सरकारचे साहेब लोक आकडे, अहवाल आणि नम्र इंग्रजीच्या आड काय काय झाकतात हे त्याने तिथे पाहिलं. त्यानंतर त्याच्या एकाही कादंबरीत वरच्या खुर्चीतला माणूस सहजासहजी विश्वासू निघत नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच मिळाली : ओळखी. भाडोत्री सैनिक, शस्त्रांचे दलाल, खोट्या कागदपत्रांची वाट माहीत असलेली माणसं. मारेकऱ्याला रायफल कोण बनवून देईल, किती दिवसांत, पैसे कसे चुकते होतात, हे त्याला कल्पनेने रचावं लागलं नाही.

१५ जानेवारी १९७० ला बियाफ्राने शरणागती पत्करली. फोर्सिथ तेव्हा लंडनमध्ये टाइप करत होता. पाठीमागची अडीच वर्षं अशी पुसली जात असताना त्याने हातात घेतलेली कथा होती एका यंत्रासारख्या थंड माणसाची, ज्याला कुठलीच बाजू नाही.

साभार परत

प्रकाशकांना हसणं सोपं आहे, पण त्यांचा युक्तिवाद धड होता. ‘मारेल की नाही’ या एका खुंटीवर थरारकथा टांगलेली असते, असं ते धरून चालले. इथे ती खुंटीच नव्हती. शिवाय लेखक नवखा, नायक म्हणावा तर खुनी, त्याला नाव नाही, पार्श्वभूमी नाही, प्रेमकथा नाही. मधल्या पन्नास-पन्नास पानांत माणूस नुसता तयारी करतोय.

मराठी वाचकाला हे कोडं कमी पडावं. पानिपतावरची कादंबरी उघडताना १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे आपल्याला पाठ असतं. विश्वासरावाला गोळी लागणार, भाऊ गर्दीत दिसेनासा होणार, लाखभर बांगडी फुटणार. तरी पानं उलटताना आपण ‘अजून यमुना उतरा, अजून रसद येऊ द्या’ म्हणत राहतोच. निकाल माहीत असला तरी जीव वाटचालीत अडकतो.

फोर्सिथला हे कळलं होतं, पण जाडजूड बाडातून ते प्रकाशकापर्यंत पोहोचत नव्हतं. तेव्हा त्याने वेगळी चाल केली. कादंबरीचा थोडक्यात गोषवारा लिहिला आणि त्यात पुस्तक काय आहे हे उघड मांडलं : प्रश्न द गॉल वाचतात का हा नाही, मारेकरी किती जवळ पोहोचतो आणि त्याला कसं गाठलं जातं हा आहे. हा गोषवारा हचिन्सन या प्रकाशनसंस्थेच्या हॅरल्ड हॅरिसच्या हाती पडला. हॅरिसने बाड मागवलं आणि करार केला, तोही एकदम तीन कादंबऱ्यांचा. पहिली आवृत्ती आठ हजारांची, म्हणजे हात राखूनच.

हस्तलिखितात काय बदललं? लेखकाच्या सांगण्यानुसार जवळजवळ काहीच नाही. मूळ नाव मारेकऱ्याच्या टोपणनावावरून नुसतं ‘जॅकल’ होतं, ते प्राण्यांवरचं पुस्तक वाटेल म्हणून लांबवलं. बाकी मजकूर तोच. म्हणजे तीन नकार आणि एक होकार यांच्यामध्ये फरक पडला तो त्या थोड्या पानांचा. आपल्याकडे लेखक ‘पुस्तक वाचा म्हणजे कळेल’ म्हणून हस्तलिखिताचा गठ्ठा पाठवतात आणि वर्षभर उत्तराची वाट बघतात, त्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

दरम्यान ९ नोव्हेंबर १९७० ला द गॉल घरीच, नैसर्गिक मरणाने गेले. १९७१ च्या जूनमध्ये पुस्तक आलं. अमेरिकेत त्याच वर्षी, आणि १९७२ मध्ये तिथला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार.

हे चालतं कसं

सुरुवात बघा. पहिल्याच प्रसंगात बास्तियाँ-तिरीला गोळ्या घातल्या जातात : खरा माणूस, खरी तारीख, थंडीतली पहाट. त्यामागे पती-क्लामारचा हल्ला येतो, तोही खरा. त्यानंतर ओएएसचे पुढारी एका परक्या मारेकऱ्याला गाठतात आणि पाच लाख डॉलर ठरतात. खरं कुठे संपलं आणि रचलेलं कुठे सुरू झालं तो सांधा बोटाने चाचपून सापडत नाही, कारण दोन्हीकडची भाषा एकच आहे : तारेवर पाठवलेल्या बातमीची. अमुक वाजता, अमुक रस्त्यावर, अमुक मजल्यावर.

पुस्तक तीन भागांत आहे. पहिल्या भागात आपण जवळजवळ पूर्ण वेळ मारेकऱ्याबरोबर असतो. तो ग्रंथालयात बसून द गॉल यांच्याबद्दल वाचतो, मोक्याची जागा हेरतो, बनावट कागद करून घेतो, बंदूक बनवून घेतो. सोबत राहून राहून व्हायचं तेच होतं. दुसऱ्या भागात क्लोद लेबेल हा साधासा, घरी बायकोचा धाक असलेला पोलीस अधिकारी येतो तेव्हा आपण आधीच गुन्हेगाराच्या बाजूला बसलेले असतो. त्याची सीमेवर झडती होताना श्वास आपला अडकतो. द गॉल वाचणार हे माहीत असल्यामुळे हे सोपंही जातं, मनाला टोचणी लागत नाही. प्रकाशकांना जो दोष वाटला तो इथे कामी येतो.

एक जागा जवळून पाहू. शेवटच्या दिवशी मारेकऱ्याला पोलिसांच्या कड्यातून आत जायचंय. तो एक पाय गमावलेला म्हातारा माजी सैनिक होतो : जाड ओव्हरकोट, छातीवर पदकं, हातात अॅल्युमिनियमची कुबडी. रायफल सुटी करून कुबडीच्या नळ्यांत घातलेली. इथवर कुठल्याही चांगल्या लेखकाला सुचलं असतं. फोर्सिथचा माणूस त्याआधी काडतुसातल्या कॉर्डाइट या दारूचे तुकडे चघळतो. त्याने मळमळतं, घाम सुटतो, चेहरा राखेसारखा होतो. ऑगस्टच्या उन्हात कोट घातलेला तो आजारी म्हातारा बघून पहाऱ्यावरच्या पोराला दया येते आणि तो वाट देतो. वेशांतरात मेकअप असतो ही आपली समजूत. इथे अंगच बिघडवून घेतलंय, तेही सैनिकांना माहीत असलेल्या जुन्या क्लृप्तीने. हा एक तपशील वाचकाला गप्प करतो. ज्याला हे माहीत आहे त्याला बाकीचंही माहीत असणार, असं आपण धरून चालतो.

कादंबरी न वाचलेल्यांनी इथे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल. पण ज्या पुस्तकाचा शेवट छापण्याआधीच फुटला होता, तो मी काय फोडणार? दिवस २५ ऑगस्टचा, पॅरिसच्या मुक्तिदिनाचा. (लेखकाचा वाढदिवसही तोच, पण मुक्तिदिन त्याने निवडलेला नव्हे.) नेम धरलेला आहे. द गॉल एका उंचीने कमी असलेल्या सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला नेमके वाकतात आणि गोळी डोक्यामागून निघून जाते. इंग्रज मारेकऱ्याने सगळा हिशेब केला होता, फक्त फ्रेंच लोक सन्मान करताना गालाला गाल लावतात हे धरलं नव्हतं.

मग लेखक राखून ठेवलेलं पान टाकतो. ज्या इंग्रजाला पोलीस इतके दिवस मारेकरी समजत होते तो सुट्टीवरून घरी परततो. म्हणजे मेला तो कोण? उत्तर मिळत नाही. एक शेवट सगळ्यांना आधीच माहीत होता. दुसरा, जो आपण विचारायला विसरलो होतो, तो फोर्सिथने कधीच सांगितला नाही.

नंतरची पन्नास वर्षं

मूळ बेत कर्ज फिटण्यापुरता होता, तो कारकीर्द होऊन बसला. तीन पुस्तकांच्या करारासाठी आणखी दोन विषय हवे होते. त्याने अनुभवाच्या पोतडीतून काढले : जर्मनीत लपलेले नाझी आणि आफ्रिकेतले भाडोत्री सैनिक. ‘द ओडेसा फाइल’ १९७२ मध्ये, ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ १९७४ मध्ये. ‘डॉग्ज ऑफ वॉर’च्या तयारीत तो हॅम्बुर्गला शस्त्रांच्या दलालांमध्ये खोट्या नावाने वावरत होता, आणि पहिल्या कादंबरीच्या जर्मन आवृत्तीवरच्या त्याच्याच फोटोने घात केला. पुस्तकाच्या दुकानात दलालाने चेहरा ओळखला. इशारा मिळताच स्टेशन गाठून चालत्या गाडीत उडी मारली, असं त्याने लिहिलंय. आपले किस्से रंगवून सांगण्याची त्याला सवय होती, तेव्हा उडी किती लांब होती हे ज्याने त्याने ठरवावं.

पहिल्या कादंबरीवरचा सिनेमा १९७३ मध्ये आला. हक्कांसाठी नफ्यातला वाटा घ्यायचा की वीस हजार पाउंड एकरकमी, असा पर्याय होता. त्याने एकरकमी घेतले. पैशाच्या बाबतीत तो चतुर नव्हताच. पुढे एका गुंतवणूक सल्लागाराच्या फसवणुकीत त्याचे वीस लाखांहून अधिक पाउंड बुडाले आणि पन्नाशीत पुन्हा टाइपरायटरपुढे बसावं लागलं.

ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी आपण वीसेक वर्षं बिनपगारी कामं केली, सुरुवात बियाफ्रातच झाली, हे त्याने २०१५ च्या आत्मचरित्रात सांगून टाकलं. इथे थोडं थांबावं लागतं. सरकारच्या बियाफ्रा धोरणावर जाहीर आगपाखड करणारा वार्ताहर त्याच सरकारच्या हेरांना आतली माहिती देत होता. उपासमारीची खरी स्थिती वर पोहोचावी म्हणून आपण ते केलं, हा त्याचा खुलासा मला प्रामाणिक वाटतो. पण त्याच्याशी विश्वासाने बोललेल्या बियाफ्रातल्या माणसांना तो तितकाच पटला असता का, याची खात्री देता येत नाही.

पंचवीसच्या आसपास पुस्तकं, सात कोटींहून अधिक प्रती. मराठी अनुवादातूनही तो आपल्याकडे भरपूर वाचला गेला. मर्यादाही तितक्याच उघड आहेत. त्याच्या स्त्रिया कथेची दारं उघडायला येतात आणि निघून जातात. संवाद बहुतेकदा माहिती देण्यासाठी असतात. नंतरच्या कादंबऱ्यांत तर पानंच्या पानं माहितीपत्रकासारखी वाटतात. पद्धत तीच होती, जग बदललं होतं. १९६३ च्या फ्रान्समध्ये हॉटेलात उतरलेल्या प्रत्येकाने कार्ड भरायचं, पोलिसांनी ती रात्री गोळा करायची आणि कारकुनांनी हाताने चाळायची. त्या हाताने चाळण्यातच पाठलाग होता. संगणक आणि उपग्रह आल्यावर पाठलाग एका खोलीत बसून होऊ लागला, आणि तो लिहायला फोर्सिथपाशी चपला झिजवून मिळवलेलं काही नव्हतं. तो स्वतः अखेरपर्यंत टाइपरायटरवरच राहिला. ९ जून २०२५ ला शहाऐंशीव्या वर्षी तो गेला.

पासपोर्टचं लचांड

राहिला तो या प्रकरणाचा सर्वांत विचित्र धागा. कादंबरीतला मारेकरी गावातल्या चर्चच्या आवारात फिरतो, आपल्याच वयाचा असता अशा बालपणी मेलेल्या मुलाचं थडगं शोधतो, त्याचा जन्मदाखला मिळवतो आणि त्या नावाने पासपोर्टचा अर्ज करतो. जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदी कुणी ताडून बघत नसे, म्हणून हे चालून जाई. चालतं याची खात्री फोर्सिथने स्वतः अर्ज करून घेतली होती.

पुस्तक लाखोंनी खपलं तरी ही फट वर्षानुवर्षं तशीच राहिली. १९७४ मध्ये जॉन स्टोनहाउस या ब्रिटिश खासदाराने मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचा बनाव केला आणि मेलेल्या माणसांच्या नावांचे कागद घेऊन ऑस्ट्रेलिया गाठली. नाताळच्या आदल्या दिवशी मेलबर्नमध्ये तो सापडला. १९७५ मध्ये कार्लोस या दहशतवाद्याच्या सामानाजवळ ही कादंबरी दिसल्याची बातमी आली आणि त्याला ‘जॅकल’ हे नाव कायमचं चिकटलं. ती प्रत त्याची नव्हतीच, हे पुढे कळलं.

आणि लंडनचे पोलीस? आंदोलकांमध्ये हेर म्हणून घुसवलेल्या अधिकाऱ्यांना ओळख देण्यासाठी त्यांनीही कित्येक वर्षं हीच रीत वापरली : मेलेल्या मुलांची नावं, जन्मतारखा, गावं. आपापसांत ते या कामाला ‘जॅकल रन’ म्हणत. २०१३ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा पोलीस आयुक्तांना जाहीर माफी मागावी लागली. आपल्या गेलेल्या मुलाचं नाव कुणीतरी कित्येक वर्षं वापरत होतं हे अनेक कुटुंबांना त्यानंतरच कळलं. पुढे या हेरगिरीवर चौकशी आयोग नेमला गेला.